नव्या वर्षात काय विणायचं, काय भरायचं? हौशीने हातकाम करणाऱ्यांसाठी वर्षाची आखणी

डिसेंबर संपत आला की विणकाम-भरतकाम करणाऱ्यांच्या डोक्यात याद्या सुरू होतात. नणंदेच्या बाळाला ब्लँकेट, स्वतःला एक शाल, गणपतीला मण्यांचं तोरण, शिवाय कसुती भरतकाम शिकायचं कधीचं राहून गेलंय. यादी करताना फार छान वाटतं. मार्च उजाडतो तेव्हा दोन-तीन कामं सुईवर अडकलेली असतात आणि पुढच्या कामाची लोकरही घरात येऊन पडलेली असते.

मी बरीच वर्षं क्रोशे आणि भरतकाम करते आहे, आणि दर वर्षी नव्याने शिकणाऱ्या मैत्रिणींना एकच गोष्ट सांगते. मोबाइलवर दिसलेल्या फोटोंवरून वर्ष आखू नका. तुमच्या कपाटात काय पडून आहे आणि आठवड्याला तुमच्या हाताला किती तास मिळतात, या दोन गोष्टींवरून आखा. दोन्ही मोजता येतात आणि मोजायला फार तर दोन-तीन आठवडे लागतात.

वर्ष १ जानेवारीला सुरू करा नाहीतर पाडव्याला, काही बिघडत नाही. शाळेत जाणारी मुलं घरात असतील तर पाडवा सोयीचा पडतो, कारण संक्रांतीची हळदीकुंकवं उरकलेली असतात आणि परीक्षांची धावपळही संपत आलेली असते.

काय काय लागेल

- तिथी-सण असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर, कालनिर्णय किंवा कुठलंही
- एक शंभर पानी वही
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा
- मोजायची टेप
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच
- कापडी पिशव्या आणि नाव लिहायला चिठ्ठ्या

१. आधी कपाट उपसा

पलंगावर जुनी चादर पसरा आणि घरातलं झाडून सगळं सामान तिच्यावर काढा. शिलाई मशीनचा खण, माळ्यावरची पिशवी, सोफ्याच्या कडेची टोपली, काही सोडू नका. अर्धवट राहिलेली कामं एका बाजूला करा.

प्रत्येक अर्धवट काम हातात घ्या आणि ते का थांबलं ते आठवा. कारण सापडलं की पुढचा निर्णय आपोआप होतो. धागा संपला म्हणून थांबलं असेल तर तो मिळतोय का बघा. कंटाळा आला म्हणून थांबलं असेल तर किती उरलंय ते बघा; चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी उरला असेल तर पूर्ण करा, नाहीतर उसवा. ज्या बाळासाठी स्वेटर घातला होता ते आता बालवाडीत जात असेल, तर तो स्वेटर उसवायचाच. उसवलं म्हणजे काम वाया गेलं असं वाटून घेऊ नका. धागा तुमच्याकडे परत आला.

उसवलेली लोकर नागमोडी होते आणि तशीच विणली तर टाके एकसारखे येत नाहीत. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करा आणि लडी चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा. कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्या. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत टांगा. खालच्या टोकाला हलकंसं वजन अडकवलं की वाळताना ती सरळ होते. खरी लोकर छान सरळ होते, ॲक्रिलिक थोडी कुरळी राहते. दुकानातून आपण ‘लोकर’ म्हणून आणतो ती पुष्कळदा ॲक्रिलिकच असते.

कागद हरवलेला गुंडा कशाचा आहे हे कळत नसेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची काळी, टणक गाठ बनते. हे जाणून घेणं उपयोगाचं आहे, कारण तयार वस्तूवर गरम इस्त्री टेकली की ॲक्रिलिकची वीण चपटी होऊन बसते आणि मग ती वर येत नाही.

आता उरलेला सगळा धागा वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहा: ‘मोरपंखी, ॲक्रिलिक, १४० ग्रॅम’, ‘पांढरा सुती, ६० ग्रॅम’. हे पान वर्षभर उपयोगी पडतं.

२. आठवड्याचे तास मोजा

दोन साधे आठवडे निवडा. सुट्टीचे नकोत, घरात लग्नकार्य असलेले नकोत. रोज सुई हातात घेतलीत की किती मिनिटं बसलात ते कॅलेंडरच्या चौकटीत लिहा, जिथे आपण दुधाचा हिशेब आणि गॅस लावल्याची तारीख लिहितो तिथेच. वेगळी वही केली की ती दोन दिवसांत राहून जाते, कॅलेंडर मात्र येता-जाता समोर असतं.

लिहिताना दोन प्रकार करा. एक, डोळे लावून करायचं काम: घरं मोजत भरायचं क्रॉस स्टिच (फुलीच्या टाक्याचं भरतकाम), नवीन नमुना, गळ्याचा आकार. दुसरं, बोलता बोलता होणारं काम: सरळ ओळी, एकसारखे चौकोन, काठाचा धावदोरा. बहुतेकींच्या लक्षात येतं की आपला निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्या प्रकारचा आहे. लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, टीव्हीसमोर. त्यामुळे वर्षभर एका वेळी दोनच कामं हातात ठेवावीत, दोन्ही प्रकारांतलं एकेक. सगळी कामं डोळे लावून करायची निवडलीत तर प्रवासातला तास फुकट जातो, आणि रात्री दमलेल्या डोळ्यांनी घरं मोजायला घेतली की चुकतात.

वर्षाचे आठवडे ५२ असले तरी हिशेबात ४० धरा. पाहुणे, आजारपण, परीक्षा, दिवाळीची साफसफाई यांना उरलेले १२ लागतातच. आठवड्याला ३ तास मिळत असतील तर वर्षाचे १२० तास झाले. हीच तुमची जमा.

३. एका नगाला किती वेळ आणि किती धागा लागतो ते काढा

ही पायरी नव्याने शिकणाऱ्या बहुतेक जणी गाळतात, आणि वर्षाचं गणित नेमकं इथेच फसतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा, बाळासाठी चौकोन जोडून क्रोशाचं ब्लँकेट करायचं आहे. एक चौकोन १० सेंटीमीटरचा. ८ आडवे, १० उभे असे ८० चौकोन घेतले की ८० बाय १०० सेंटीमीटरचं ब्लँकेट होतं. आधी एकच चौकोन विणा, स्टॉपवॉच लावून. समजा २० मिनिटं लागली. ८० चौकोनांना १६०० मिनिटं, म्हणजे जवळपास २७ तास. मनातल्या मनात आपण इथेच थांबतो आणि दोन महिन्यांत होईल असं ठरवून टाकतो.

पण एका चौकोनात तीन रंग असतील तर प्रत्येक रंगाचं सुरुवातीचं आणि शेवटचं असे सहा दोरे लोंबतात. ८० चौकोनांचे ४८०. ते बोथट सुईने आत ओवायचे आहेत. नंतर जोडणी, नंतर चारी बाजूंनी काठ. या सगळ्याला विणण्याच्या निम्मा वेळ सहज जातो, म्हणजे एकूण ४० तासांच्या घरात. आठवड्याला ३ तास धरले तर १३-१४ आठवडे. बाळ मेमध्ये येणार असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुई हातात हवी. दोरे शेवटी एकदम ओवायला ठेवू नका. चौकोन संपला की लगेच ओवा, किंवा नवीन रंग लावताना आधीचा दोरा खांबांच्या, म्हणजे क्रोशाच्या उभ्या टाक्यांच्या, पोटात घेत विणा. ब्लँकेटं पिशवीत पडून राहतात ती पुष्कळदा या दोऱ्यांपायीच.

तोच चौकोन आता काट्यावर ठेवा. ६ ग्रॅम भरला तर ८० चौकोनांना ४८० ग्रॅम. जोडणी आणि काठासाठी आणखी ७० धरा, ५५० ग्रॅम झाले. कपाटाच्या पानावर बघून कुठला रंग घरातलाच वापरता येतो ते ठरवा. एक चौकोन विणून केलेला हा हिशेब दुकानदाराने सांगितलेल्या अंदाजापेक्षा नेहमी भरवशाचा निघतो, कारण प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणाची वीण घट्ट, कुणाची सैल.

भरतकामातही हेच करा. १४ काउंटच्या आयडा कापडावर (क्रॉस स्टिचसाठीचं चौकोनी घरांचं कापड) एका इंचात १४ घरं येतात. १०० बाय १४० घरांचा नमुना म्हणजे साधारण ७ बाय १० इंचांचं चित्र. दिसायला लहानच. पण पूर्ण भरायचं असेल तर १४,००० फुल्या. पंधरा मिनिटं भरून बघा आणि मोजा. ताशी १२० फुल्या होत असतील तर सुमारे ११७ तास लागतील. म्हणजे वरचे १२० तास या एका चित्राला गेले. एवढं चित्र करावं की नाही, हा तुमचा प्रश्न; मला विचाराल तर पहिल्या वर्षी मोकळं कापड पुष्कळ दिसेल असा, ३-४ हजार फुल्यांचा नमुना घ्यावा.

४. आता यादी करा, पण आखूड

तासांची जमा समोर ठेवून लिहा. माझ्या मते नवशिक्यांसाठी ही वाटणी चांगली: एक मोठं काम, एक नवीन टाका किंवा तंत्र, दोन भेटवस्तू. यांत मिळून जमेचा तीन चतुर्थांश भाग संपला पाहिजे. उरलेल्या तासांवर काहीही लिहू नका. जूनमध्ये अचानक मॅक्रमे (दोरीच्या गाठींचं काम) करावंसं वाटेल, शेजारच्या मुलीला बाहुलीचा फ्रॉक हवा असेल. त्यासाठी जागा हवीच, हौस म्हणून करतो ना आपण!

शिकण्याचं उद्दिष्ट लिहिताना ते एका वस्तूला बांधा. ‘कसुती शिकायची’ असं लिहिलं तर ते पुढच्या वर्षाच्या यादीतही तसंच येणार. धारवाडकडच्या या भरतकामात गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके आहेत. त्यातला गवंती एकटा घ्या आणि लिहा, ‘ब्लाऊजच्या बाहीला गवंतीची दोन बोटं रुंद किनार, जुलैअखेर’. गवंतीत धावदोरा घालत एका दिशेने जायचं आणि त्याच रेषेवरून परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. कापडाच्या दोन्ही बाजूंनी रेषा सारखीच दिसली पाहिजे आणि मागे गाठ चालत नाही. जाताना रस्ता नीट ठरवला नसेल तर परत येताना एखादी फांदी सुटते. बाहीएवढ्या किनारीत हे सगळं हाताला कळतं. मग मुरगी घ्या, पुढच्या वर्षी.

आकड्यांची उद्दिष्टं, म्हणजे ‘वर्षात २५ वस्तू’ वगैरे, घेऊ नका असं मी आग्रहाने सांगेन. आकडा गाठायला आपण लहान, सोप्या वस्तू उरकत जातो आणि शालीसारखं सावकाश होणारं काम मागे पडतं.

५. कॅलेंडरवर मागे मोजत या

प्रत्येक कामाला शेवटची तारीख द्या, आणि ती सणाच्या दिवसाची नको, त्याच्या दोन आठवडे आधीची. धुणं, वाळवणं, अस्तर, फ्रेम यांना तेवढे दिवस जातात. मग तासांचे आठवडे करून मागे मोजा आणि सुरुवातीच्या तारखेवर पेनाने गोल करा.

आपल्याकडचे सण तारखेने पुढे-मागे होतात, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखा धरून चालू नका. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. मखराचं किंवा तोरणाचं काम करणाऱ्यांना हे जास्तीचे दिवस मिळतात. उलट लेक-जावयाला अधिक महिन्याचं वाण देताना हाताने भरलेला रुमाल किंवा टेबलक्लॉथ द्यायचा असेल तर तो एप्रिलअखेर तयार हवा.

हवामानाकडेही बघा. एप्रिल-मेमध्ये घामाच्या हाताला लोकर चिकटते, तेव्हा सुती दोऱ्याची कामं ठेवा. स्वेटर ऑगस्टमध्ये सुईवर घाला, म्हणजे थंडीच्या आधी अंगात जाईल. डिसेंबरात सुरू केलेला स्वेटर मार्चच्या उन्हात संपतो. बाळाच्या पहिल्या संक्रांतीचं काळं झबलं भरायचं असेल तर नोव्हेंबरात कापड आणा. काळ्यावर काम दिवसाउजेडीच होतं आणि त्या दिवसांत उजेड लवकर जातो.

पावसाळ्यात भरतकाम करणाऱ्यांनी दोन सवयी लावून घ्याव्यात. उठताना कापड ताणून धरणारी रिंग काढून ठेवायची आणि सुई कापडात टोचून ठेवायची नाही. दमट हवेत सुई गंजते आणि तिचा तांबूस डाग पांढऱ्या कापडावरून सहजी जात नाही. धागे प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, कापडी पिशवीत वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवा.

६. सामान हिशेबाने आणि एकदाच आणा

यादी आणि वजनं हातात घेऊनच बाजारात जा. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी किंवा तुळशीबाग, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर. तिथे रिकाम्या हाताने गेलात तर येताना पिशवी भरलेली असणार आणि त्यातलं निम्मं यादीत नसणार.

एका कामाची सगळी लोकर एकाच वेळी घ्या आणि प्रत्येक गुंड्याच्या कागदावरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक) जुळवा. रंगाचा क्रमांक तोच असूनही लॉट वेगळा असेल तर छटा किंचित बदलते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते दिसत नाही, घरी उन्हात शालीवर सरळ पट्टा उमटतो. कागद फेकू नका, वहीत चिकटवा.

भरतकामाच्या दोऱ्याची लडी साधारण ८ मीटरची आणि सहा पदरी असते. दोन पदरांनी भरलं तर एका लडीतून २४ मीटर मिळतात. लाल, काळा, गडद निळा असे रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटत असेल तर तो दोरा पांढऱ्या कापडाला लावू नका.

नमुना इंग्रजीतून घेत असाल तर सुरू करण्याआधी तो अमेरिकन पद्धतीचा आहे की ब्रिटिश, हे बघा. एक वेढा घेऊन विणलेल्या आपल्या साध्या खांबाला अमेरिकेत ‘डबल क्रोशे’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. ब्रिटिश नमुन्यातलं ‘डबल’ म्हणजे त्याहून बुटका टाका. नमुन्यात कुठे ‘सिंगल क्रोशे’ लिहिलेलं दिसलं तर तो अमेरिकन आहे असं समजा, ब्रिटिश पद्धतीत हे नावच नसतं.

७. ‘मलाही एक दे ना करून’

पहिली वस्तू हळदीकुंकवाला कुणी पाहिली की विचारणा सुरू होते. ‘अगं, पुतणीच्या रुखवतात ठेवायला काहीतरी दे ना.’ ‘तुला काय, बसल्या बसल्या होतं.’ ‘ऑर्डरी का घेत नाहीस?’ माणसं कौतुकानेच विचारतात आणि तोंडावर नाही म्हणणं जड जातं. म्हणून उत्तर आधीच ठरवून ठेवा. ‘वर्षाला दोनच भेटवस्तू करते, यंदाच्या ठरल्यात, पुढच्या वर्षासाठी तुमचं नाव लिहून ठेवू का?’ बहुतेकजण तिथेच थांबतात. ज्या खरोखर पुढच्या वर्षी आठवण करून देतात, त्यांच्यासाठी जरूर करा, त्या वस्तू जपतात. कुणाला शिकायचं असेल तर मात्र कधीच नाही म्हणू नका. बोलावून घ्या आणि पहिली साखळी तुमच्यासमोर घालून घ्या.

ऑर्डर घेण्याचा निर्णय पहिल्या वर्षी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पैसे घेतले की तारीख, रंग, माप सगळं समोरच्याचं होतं आणि शिकण्यासाठी ठेवलेले तास सर्वांत आधी जातात. वरच्या पद्धतीने एका ब्लँकेटचे ४० तास कळले असतील, तर त्याची किंमत काय सांगावी लागेल हेही तुम्हाला समजेल.

८. महिनाअखेर आणि जूनअखेर

कॅलेंडरचं पान उलटण्याआधी महिन्याचे तास बेरजेने वहीत घ्या आणि काम कुठवर आलं ते एका ओळीत लिहा. फोटो काढून ठेवलात तर उत्तम.

जूनअखेर पुन्हा पूर्ण हिशेब करा. सहा महिन्यांत ६०च्या जागी ३५ तास झाले असतील तर यादी त्या मानाने लहान करा. आधी दुसरी भेटवस्तू काढा. मोठं काम अर्ध्यावर आलं असेल तर आकाराने आटोपतं घ्या: ८० चौकोनांच्या ब्लँकेटचं ४८ चौकोनांत, ६ बाय ८ असं, बाळाच्या गाडीत पांघरायचं ब्लँकेट होतं. शिकायचा टाका शेवटपर्यंत ठेवा, त्याला फार तास लागत नाहीत. तास ठरल्यापेक्षा जास्त झाले असतील तर यादीत भर घालण्याआधी कपाटाचं पान उघडा आणि मोरपंखी १४० ग्रॅममधून काय होतंय ते बघा.